दुखवट्याची रजा

वडील गेले तेव्हा श्रावण संपत आला होता. गाव कोरेगाव तालुक्यातलं, फार तर दीडशे उंबऱ्यांचं. मातीला आलेली माणसं पांगली, तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली, आणि चौथ्या दिवसापासून दुपारी अडीच-तीनच्या सुमारास शेजारच्या काकू यायला लागल्या. येताना त्यांच्या हातात सूप असायचं आणि सुपात घेवड्याच्या शेंगा. आईसमोर बसायच्या, सूप दोघींच्या मध्ये ठेवायच्या आणि शेंगा सोलायला लागायच्या. सुतकाच्या घरात असं धान्य घेऊन जाऊ नये, असं वाड्यातल्या एकीने त्यांना सुनावलंही. काकूंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सूप घेऊन आल्या.

पहिल्या दुपारी आईने शेंगांना हात लावला नाही. दुसऱ्या दुपारी लावला. तिसऱ्या दुपारी सोलता सोलता ती म्हणाली, "त्या रात्री त्यांनी पाणी मागितलं होतं. डॉक्टरांनी नको सांगितलं म्हणून मी दिलं नाही." आम्हा तिघा भावंडांपैकी कुणालाही तिने हे सांगितलेलं नव्हतं. काकूंनी नुसता हुंकार दिला आणि सोललेला घेवडा एका बाजूला सारला. आईने तेच पुन्हा सांगितलं. मग रोज सांगितलं. भाऊ आतल्या खोलीतून ऐकत होता आणि त्याला वाटत होतं, काकूंनी काहीतरी बोलावं, तिची समजूत काढावी. त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढे एका दुपारी आईने तीच गोष्ट सांगितली आणि शेवटी स्वतःच म्हणाली, "डॉक्टर बरोबरच सांगत असतील म्हणा." त्यानंतर पाण्याची गोष्ट तिने काढली नाही.

हे मी फोनवर भावाकडून ऐकलं, कारण तोवर मी पुण्यात नोकरीवर परत रुजू झाले होते. सहाव्या दिवशी. आमच्याकडे नैमित्तिक रजेखेरीज दुसरी सोय नव्हती आणि ती वडिलांच्या दवाखान्यातच बरीचशी संपली होती. कामावर परतले त्या दिवशी कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर चाळीसेक जणांचे "भावपूर्ण श्रद्धांजली" आलेले होते, हात जोडलेल्या चित्रासह. माझ्या टेबलापाशी दिवसभरात दोघंच आले, दोघंही कामाचं विचारायला. माझे वरिष्ठ सज्जन गृहस्थ, त्यांनी मनापासून सांगितलं, "कामात राहिलात की मन रमेल." माणसं वाईट नव्हती. काय बोलावं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि काय सांगावं हे मला ठाऊक नव्हतं. मला काकू नव्हत्या आणि शेंगा सोलायला दुपार नव्हती.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. मानसिक आरोग्याबद्दल आपल्याकडे आता पुष्कळ बोललं जातं, शाळा-कॉलेजांत समुपदेशक नेमले जातात, हे चांगलंच आहे. पण माणूस गेल्यावर मागे राहिलेल्याला सगळ्यांत आधी लागते ती सोबत, आणि सोबतीला वेळ लागतो. हा वेळ आपल्या जुन्या रीतीभातींनी राखून ठेवलेला होता. नव्या कामकाजाच्या जगाने तो काढून घेतला आणि त्याच्या बदल्यात काहीच दिलं नाही. म्हणून दुखवट्याची भरपगारी रजा कायद्याने मिळायला हवी, आणि समाचाराला जाण्याची रीत, तिच्यातलं क्रौर्य वजा करून, आपण पुन्हा हट्टाने पाळायला हवी. या दोन मागण्या मी एकत्र करते, कारण एकीवाचून दुसरी लंगडी आहे. रजा मिळाली आणि घरी कुणी आलंच नाही, तर ते दिवस नुसते छताकडे बघत जातील.

मराठीत या येण्याजाण्याला किती वेगवेगळे शब्द आहेत पाहा. मातीला जाणं वेगळं, सावडायला जाणं वेगळं, समाचाराला जाणं वेगळं, दहाव्याला जाणं वेगळं, दुखवटा घेऊन जाणं वेगळं. प्रत्येक शब्दाचा दिवस ठरलेला आहे. पहिल्या दिवशी घरातली चूल पेटत नाही. भावकीतून, शेजारातून भाकरी-पिठलं येतं. काही भागांत त्याला कडू घास म्हणतात. म्हणजे ज्याचं कुणी गेलं आहे त्याने "मला मदत करा" असं म्हणण्याची गरजच पडत नाही. कुणी कधी यायचं, काय आणायचं, किती वेळ बसायचं हे आधीच ठरलेलं असतं. उठताना पाहुण्याने "येते" म्हणायचं नाही आणि घरच्यांनीही "या" म्हणायचं नाही. लहानपणी हा मला अपशकुनाचा प्रकार वाटे. आता वाटतं, निरोपाची औपचारिकताही त्या घरावर लादायची नाही, एवढा विचार त्यात आहे. मग पहिला सण येतो. पाहुणे गोडाचं घेऊन येतात आणि घरातल्यांना बळेच घास भरवतात. आनंद करायला हरकत नाही, याची परवानगी दुसऱ्या कुणीतरी द्यावी लागते. ती स्वतःची स्वतःला देता येत नाही.

हे एका धर्माचं किंवा एका जातीचं नाही. बौद्ध घरांत जलदान आणि पुण्यानुमोदनाला माणसं जमतात. मुसलमान घरांत चाळिसावा असतो. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत सातव्या दिवशी आणि महिन्याने मिस्सा असते. कोकणातल्या बेने इस्राएली, म्हणजे ज्यू, कुटुंबांचा धर्म सात दिवस घरी बसायला सांगतो आणि त्या सात दिवसांत भेटायला जाणं हे इतरांचं कर्तव्य मानतो. कुणाचा आत्म्यावर विश्वास आहे, कुणाचा नाही, कुणाचा कयामतीवर आहे. दिवस मात्र सगळ्यांनी राखून ठेवले आहेत. इतक्या वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या काळात एकच गोष्ट करून ठेवली असेल, तर ती माणसाच्या घडणीतच कुठेतरी रुजलेली असणार असं मला वाटतं.

शरीराला तर ती नक्की कळते. कॉलिन मरे पार्क्स या इंग्लिश मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली पंचावन्न वर्षांवरच्या ४,४८६ विधुर पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या तुलनेत चाळीस टक्क्यांनी अधिक निघालं, आणि त्यातले पुष्कळ मृत्यू हृदयविकाराचे होते. आपल्याकडे म्हातारी गेली की "आता म्हातारा फार दिवस काढायचा नाही" असं सहज बोललं जातं. ते नुसतं बोलणं नव्हतं. पहिले सहा महिने धोक्याचे असतात, आणि आपण त्यातले पाच-सहा दिवस रजा म्हणून देऊन बाकीचे त्या माणसाच्या नशिबावर सोडतो.

शोकाच्या पाच पायऱ्यांबद्दलही इथेच बोलायला हवं, कारण कार्यालयांतल्या प्रशिक्षणांत त्या हमखास दाखवल्या जातात: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. माझी आई कुठलीही पायरी चढली नाही. ती एकाच ठिकाणी गोल फिरत होती, पाण्याच्या त्या तांब्याभोवती, आणि फिरता फिरता एक दिवस थांबली. दुःखातलं माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतं तेव्हा ते काहीतरी काम करत असतं. त्या कामाला ऐकणारं माणूस लागतं, न कंटाळणारं, न सुधारणारं. माझ्या मते शेजारच्या काकूंचं सगळं कौशल्य त्या हुंकारात होतं. हात कामात गुंतलेले, नजर सुपाकडे, आणि मध्येमध्ये हुंकार. समोरासमोर डोळ्यांत बघून "तुम्हाला काय वाटतं ते बोला" असं कुणी म्हटलं असतं तर आई उठून आत गेली असती.

शहरात हे का तुटलं याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत, त्यात फार थांबत नाही. चाळीत दार उघडं असायचं. प्रत्येक चाळीत एक तरी माणूस असा असे की ज्याला बांबू कुठून आणायचे, मडकं कुठे मिळतं, पास कुठे काढायचा हे पाठ असायचं, आणि घरच्यांना उठावंही लागायचं नाही. आता गृहसंकुलाच्या फाटकावर नाव सांगावं लागतं, वरून होकार यावा लागतो. ज्याच्या घरात मयत झाली आहे त्याने फोन उचलून "हो, सोडा" म्हणायचं. शिवाय आपण सुसंस्कृत झालो आहोत. "उगाच त्रास कशाला द्यायचा, त्यांना एकांत हवा असेल" असं म्हणून आपण जात नाही. एखाद्याला खरोखरच एकांत हवा असतो. पण बहुतेक वेळा ते वाक्य आपल्या स्वतःच्या अवघडलेपणावर घातलेलं पांघरूण असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक नात्यांविषयीच्या आयोगाने जून २०२५ मध्ये अहवाल दिला, त्यात जगातल्या दर सहा माणसांमागे एकजण एकाकीपणाने ग्रासलेला आहे असं म्हटलं आहे. यातल्या कितीतरी जणांच्या हातात फोन असेल आणि त्यावर शेकडो संदेशही येत असतील.

२०२१ च्या एप्रिलमध्ये तर जाणंच बंद झालं. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, आणि कित्येक घरांत तेवढीही गेली नाहीत. घरचे सगळे विलगीकरणात, आणि अग्नी महापालिकेच्या कर्मचाऱ्याने दिलेला. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता, हे मी मानते. पण साथ ओसरल्यावर आपण त्या घरांत उलटून गेलो का? माझ्या ओळखीत दोन घरं अशी आहेत. एका घरी मी दीड वर्षाने गेले. दारातच त्या बाईंनी माझा हात धरला आणि चपला काढायच्या आधीच रुग्णालयाच्या शेवटच्या फोनपासून सगळं सांगायला सुरुवात केली, जणू काल घडलं होतं. दीड वर्ष ते तिथेच, उंबऱ्यापाशी, ऐकणाऱ्याची वाट बघत थांबलेलं होतं. त्यांचा समाचार कुणी घेतलाच नव्हता. कोविडमध्ये माणूस गमावलेलं घर तुमच्या माहितीत असेल आणि तुम्ही गेला नसाल, तर आता फार उशीर झाला असं समजू नका.

इथे मला कुणीतरी अडवेल आणि अडवायलाच हवं. ज्या रीतीचं मी गुणगान करते आहे, तिनेच नवरा मेलेल्या बाईचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, जोडवी ओढून काढली, आणि हे सगळं समाचाराला आलेल्या बायकांनीच केलं. खरं आहे. माझ्या आईच्या बाबतीतही दोघी बांगड्या फोडायला पुढे झाल्या होत्या. भावाने हात आडवा धरला म्हणून टळलं. दुःखाने कोसळलेल्या माणसाला सावरायला जमायचं आणि जमून त्याचा अपमान करायचा, याला सोबत म्हणता येत नाही. म्हणूनच कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथेच्या विरोधात केलेला ठराव मला इतका मोलाचा वाटतो. कोविडमध्ये गावात तरुण बायका विधवा झाल्या होत्या, त्यांच्या वाट्याला जे येत होतं ते गाव बघत होतं, आणि गावानेच ठरवलं की कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं इथून पुढे बंद. पंधरवड्याच्या आत, १७ मे रोजी, राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, आणि ठराव झालेल्या प्रत्येक गावात बांगड्या फुटायच्या थांबल्या असंही कुणी समजू नये. पण हेरवाडने एक गोष्ट दाखवून दिली: रीत मोडीत न काढता तिच्यातलं विष काढता येतं. माणसं पूर्वीसारखी जमतील, बाईला धरून बसतील, तिच्या कपाळाला मात्र हात लावणार नाहीत.

सुतकाचंही तसंच. त्यात विटाळ आहे आणि वेळ आहे. विटाळ टाकून द्यावा. सुधारकांनी शंभर वर्षांपूर्वीच तो टाकायला सांगितला होता. वेळ मात्र टाकू नये. दहा दिवस या माणसाकडून कुणी कशाची अपेक्षा करायची नाही, हा भाग शहाणपणाचा होता. आपण नेमकं उलटं केलं. शहरातल्या कितीतरी घरांत देवघर बंद ठेवण्यापुरतं सुतक अजून पाळलं जातं, पण लॅपटॉप चौथ्या दिवशी उघडतो.

आणखी एक दुखरी जागा आहे. समाचाराला जाणं जातीच्या रेषा ओळखून चालतं. कुणाच्या ओसरीपर्यंत जायचं, कुणाच्या आत जायचं, कुणाकडे जायचंच नाही, हे गावात ठरलेलं असे आणि अजूनही पुरतं पुसलेलं नाही. काही गावांत तर स्मशानंसुद्धा वेगळी आहेत. आत्महत्येच्या घरी जातानाही माणसं बिचकतात. गेली तर चौकशी करतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्येच्या घरात पहिले येतात ते पोलीस आणि तलाठी. पंचनामा होतो, सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचं, तगादा होता का, दारू पीत होता का, आणि त्यावरून प्रकरण पात्र की अपात्र हे ठरतं. पात्र ठरलं तर एक लाख रुपयांची मदत. मदत हवीच, एक लाख ही रक्कमही फार तुटपुंजी आहे. पण त्या बाईच्या शोकाचे पहिले दिवस आपल्या नवऱ्याचं मरण "खरं" होतं हे सिद्ध करण्यात जातात, याचा विचार आपण करतो का? अपात्र हा शब्द तिने ऐकला की तो केवळ रकमेला लागू राहत नाही. अशा घरी कुठलाही प्रश्न न विचारता जाऊन बसणारं माणूस हवं असतं, आणि नेमकं त्याच घरी कुणी फिरकत नाही.

आता कायद्याकडे येते. आपल्याकडे खाजगी नोकरदाराला दुखवट्याची म्हणून वेगळी रजा देणारा कायदा नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने वर्षाला आठ नैमित्तिक रजा दिल्या आहेत. ताप, लेकराची शाळा, घराचं नळकाम आणि बापाचं मरण हे सगळं त्या आठांत बसवायचं. काही मोठ्या कंपन्या आपणहून तीन दिवस, पाच दिवस देतात. ती त्यांची मेहेरबानी आहे, कामगाराचा हक्क नाही.

कायद्याला शोक अजिबात कळत नाही असंही नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातच गर्भपात झालेल्या स्त्रीला सहा आठवड्यांची भरपगारी रजा दिली गेली. साठ वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना हे सुचलं होतं. बाळ मृत जन्मलं किंवा जन्मल्यावर लगेच दगावलं तर केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना साठ दिवसांची विशेष रजा मिळेल, असा आदेश सप्टेंबर २०२२ मध्ये निघाला. त्या आदेशात अशा प्रसंगी आईच्या मनावर होणाऱ्या आघाताचा उल्लेख आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. कारण फक्त शरीर भरून येण्यासाठी ती रजा नाही हे सरकारनेच मान्य केलं. पण त्याच बाळाच्या बापाचं काय? आणि ते मूल दहा वर्षांचं होऊन गेलं तर? ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून अठरा वर्षांखालचं मूल गमावलेल्या आईला आणि बापाला, दोघांनाही, दोन आठवड्यांची रजा कायद्याने मिळते.

माझी मागणी साधी आहे. जोडीदार, अपत्य, आईवडील, सासूसासरे किंवा भावंड गेलं तर दहा दिवस भरपगारी रजा, आणि ती सलगच घ्यावी अशी अट नको. कारण पहिले दिवस माणसांच्या गर्दीत जातात. खरी पोकळी नंतर येते, बँकेत मृत्यूचा दाखला देऊन खातं बंद करताना किंवा कपाट रिकामं करताना. पाच दिवस आधी आणि पाच दिवस वर्षभरात कधीही, असं असलं तर पहिल्या दिवाळीला माणूस घरी असेल. दाखला नंतर दिला तरी चालावा. एक दिवस तरी समाचाराला जाणाऱ्यालाही मिळावा, असं मला मनापासून वाटतं. लोक हसतील, पण जाणाराच नसेल तर येणार कोण?

लोक खोटी कारणं सांगतील, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. मृत्यूचा दाखला ही खोटी दाखवायला फार अवघड गोष्ट आहे, आणि आपल्या माणसाच्या मरणाचं खोटं सांगायला आपल्या समाजात अजूनही जीभ रेटत नाही. खर्चाचा आक्षेप जरा वजनदार आहे, विशेषतः पाच-दहा माणसांच्या दुकानाला. पण नोकरीच्या पस्तीस वर्षांत माणसाची अशी किती माणसं जातात? आणि जो माणूस चौथ्या दिवशी येऊन यंत्रावर उभा राहतो, ज्याचं लक्ष दुसरीकडेच आहे, त्याच्याकडून होणाऱ्या चुकांचा आणि अपघातांचा खर्च कुणी धरतं का?

मानसोपचार क्षेत्रातल्या माझ्या एका मैत्रिणीचा आक्षेप मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ती म्हणाली, "काकूंवर सगळं सोपवू नकोस. काही जणांचं दुःख शेंगा सोलून हलत नाही." ती बरोबर आहे. दीर्घकाळ न निवळणाऱ्या शोकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात स्वतंत्र विकार म्हणून नोंदलं आहे. सहा महिन्यांनंतरही माणूस त्याच जागी रुतलेला असेल, रोजचं जगणं ठप्प असेल, तर उपचार हवेत. अशी वेळ ढोबळ अंदाजाने दहातल्या एकावर येते. त्यांच्यासाठी डॉक्टर हवेत, केंद्र सरकारची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा आहे, ती माहीत असायला हवी. पण आपल्या देशात लाखामागे एकही पूर्ण मानसोपचारतज्ज्ञ वाट्याला येत नाही. राहिलेल्या नऊजणांना त्यांच्या दारात उभं करून काय साधणार? आणि त्या दहाव्याला डॉक्टरकडे जायला हवं हे आधी कुणाच्या लक्षात येईल? जो येऊन बसतो त्याच्याच.

केरळने ही गोष्ट नीट ओळखली. मलप्पुरम आणि कोळिक्कोड जिल्ह्यांत उपशामक सेवेचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचा त्रास हलका करण्याचं काम शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी उचललं. आठवड्याला दोन तास देईन म्हणणारा रिक्षावाला, शिक्षिका, दुकानदार. थोडं प्रशिक्षण घेऊन ही माणसं अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात, आणि रुग्ण गेल्यावरही त्या घरी जाणं तोडत नाहीत. २००८ मध्ये राज्य सरकारने उपशामक सेवेचं धोरण आणलं आणि या कामाला पंचायतींची जोड दिली. आपल्याकडे आशाताई आहेत, बचतगट आहेत, गणेश मंडळं आहेत. मंडळाची पोरं रात्री दोन वाजता रक्ताला धावतात, हे मी पाहिलं आहे. महिन्याने त्याच घरी जाऊन अर्धा तास बसायला त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

दहा दिवसांची रजा मिळाली तरी ती ज्यांना मिळणार नाही अशांचीच संख्या या राज्यात जास्त आहे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा थोरला भाऊ गेल्या पावसाळ्यात गेला. त्या तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दारात उभ्या. मी म्हटलं, "अहो मावशी, कशाला आलात?" त्या म्हणाल्या, "ताई, बाकीच्या घरी खाडा चालत न्हाई." आत जाऊन कणीक मळायला घेतली. मी त्यांना बसवलं, चहा केला, आणि मग त्यांच्याकडून बाकीच्या तीन घरांचे क्रमांक घेऊन एकेक फोन लावला. दोन घरांनी लगेच हो म्हटलं, पगार न कापता. तिसरीकडून "बघतो" असं उत्तर आलं.

मावशी अकरा वर्षं आमच्याकडे येतात. त्या कुठे राहतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. दोन दिवसांनी संध्याकाळी शोधत गेले. नाल्याच्या कडेने आत जाणारी बोळ, डाव्या हाताला तिसरं दार. शेजारणीने पळत जाऊन माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. मी खाली चटईवरच बसले. खोलीत सात-आठ बायका होत्या, मावशींची भावजय भिंतीला टेकून बसलेली. कुणीतरी मेथीची जुडी निवडत होतं. मी हात पुढे केला, तेव्हा त्या बाईने जरा थांबून माझ्याकडे पाहिलं आणि मग अर्धी जुडी माझ्या पुढ्यात सरकवली. भावजय सांगत होती, शेवटच्या दिवशी तो जेवला नव्हता, डबा तसाच परत आला होता, ती त्याला त्यावरून बोलली होती. थोड्या वेळाने तिने ते पुन्हा सांगितलं. अंधार पडला तेव्हा मी उठले, मावशींच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न म्हणता बाहेर पडले.